थेट्यांचा वीर

पंचवटीतल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, तलवार कुठे मिळेल, तर तो मोहिनी थेटेच्या दुकानाकडे बोट दाखवील. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, तिला शटर बसवलेलं. आत जमिनीपासून छतापर्यंत सगळी लढाई टांगलेली. मावळ्यांचे अंगरखे, राजपुतांचे साफे, पत्र्याच्या तलवारी, पुठ्ठ्याच्या ढाली, पोत्याला चंदेरी रंग मारून केलेली चिलखतं, आणि मधल्या खुंटीवर एकटाच एक रोमन शिपाई. त्याच्या टोपावरचा लाल तुरा मोहिनीनं झाडू रंगवून केला होता. गॅदरिंगच्या दिवसांत या खोलीतून अख्खं सैन्य भाड्यानं बाहेर पडे आणि दोन दिवसांनी घामानं भिजून, बटणं तोडून परत येई.

परत आलेल्या सैन्याचं मोहिनी काय करी, ते ऐकायला गल्ली जमत असे.

"ढालीवर बसून भेळ खाल्लीस ना रे? हा डाग कसला, रक्ताचा? रक्ताला चिंचेचा वास येतो का?"

पोरं तिला टरकून असत, तरी येत. कारण माप घेताना ही बाई तोंडात टाचण्या धरून लढाईच्या गोष्टी सांगे. पूर्वीचा शिपाई लढाईआधी काय खायचा? असेल ते. नागलीची भाकरी, नाहीतर नुसतं पाणी पिऊन झोपायचा. चिलखत घातल्यावर पाठ खाजली तर? तर खाजू द्यायची. पळून जावंसं वाटायचं का? सगळ्यांना वाटायचं, न वाटणारा एक तरी दाखव मला.

मुघलांचा शिपाई व्हायला मात्र कुणी तयार नसे. जो तो मावळा. मग मोहिनीचं डोकं फिरे. "अरे, तोही कुणाचा तरी पोरगा होता. त्यालाही भूक लागायची, त्यालाही घरची आठवण यायची. आणि समोर कुणी नसेल तर तू लढणार कुणाशी? भिंतीशी?"

भिंतीशीही लढता येतं, हे खरं तर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानाच्या मागे अंगण होतं आणि अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत होती. भिंतीपलीकडे तिचा थोरला दीर सावळीराम आणि जाऊ नवसाबाई राहत. कित्येक वर्षांत या दोन घरांत एक शब्द बोलला गेला नव्हता. शिव्या सोडून. त्याही एकमेकांना थेट नव्हत्या, भिंतीला ऐकवलेल्या होत्या.

हे वैर एका चांदीच्या तुकड्यावरून होतं, आणि तो तुकडा बोटाच्या दोन पेरांएवढा होता.

नाशकात धुळवडीला वीर निघतात, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी रंग खेळतो किंवा दारं लावून बसतो. इथे जुन्या घरांच्या देवघरात टाक असतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. देवांचे टाक असतात तसा एखादा त्या घरातल्या वीराचा असतो, पूर्वी कधीतरी लढाईत पडलेल्या पूर्वजाचा. धुळवडीला तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल कापडात बांधायचा, घरातल्या एकानं हातात धरून हलगीच्या तालावर नाचवत गंगेवर न्यायचा आणि न्हाऊ घालून परत आणायचा. गंगा म्हणजे गोदावरी, पण नाशिककर तिला गंगाच म्हणतात. लहान पोरांना त्या दिवशी योद्ध्यांसारखं सजवतात. त्यातली निम्मी पोरं मोहिनीकडून सजून जात.

थेट्यांचा वीर घोड्यावर होता. रामशेज किल्ल्याच्या वेढ्यात तो पडला, असं घरात सांगत. कुठल्या बुरुजावर, कुणाच्या हातून, ते काही ठाऊक नव्हतं. त्याचं नाव मात्र होतं, आणि त्या नावाची या घरात एक रीत होती. नाव घरात उच्चारायचं नाही, कागदावर लिहायचं नाही. धुळवडीला घाटावर घरातल्या थोरल्यानं ते वीर धरणाऱ्याच्या कानात सांगायचं, त्यानं वाकून पाण्याला सांगायचं आणि मग टाक बुडवायचा. नाव घेतल्याशिवाय वीराला पाणी लागत नाही, अशी या घराची श्रद्धा. बायकांच्या कानावर ते कधी येत नसे.

मोहिनीचा नवरा वाल्मीक हयात होता तोवर वीर तोच धरायचा. सावळीराम त्याच्या कानात नाव सांगायचा. दोघा भावांत वयाचं अंतर इतकं की सावळीरामनं वाल्मीकला खांद्यावर बसवून गंगेवर नेलेलं. आईबाप लवकर गेले, सावळीराम-नवसाबाईंना मूल झालं नाही, तेव्हा वाल्मीक हा त्यांचा भाऊ कमी आणि पोरगाच जास्त होता. वाल्मीक पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचा टेम्पो चालवायचा आणि किल्ल्यांचं त्याला वेड होतं. पेठ रोडवरून रामशेजचा डोंगर दिसला की त्याचा टेम्पो आपोआप हळू व्हायचा. मोहिनी पोरांना जे सांगे, ते सगळं त्यानंच तिला सांगितलेलं. "लोकांना वाटतं लढाई म्हणजे तलवारी," तो म्हणायचा. "तलवार शेवटी येते. आधी रसद तोडायची. मग पाणी तोडायचं. मग नुसतं बसून राहायचं. आतले लोक एकमेकांवर चिडायला लागले की समजायचं, किल्ला आला हातात." रामशेजवर तोफा नव्हत्या, किल्लेदारानं लाकडाच्या करून त्यांना कातडं चढवलं म्हणतात, हे सांगताना तो हसून हसून लाल व्हायचा.

एका माघात द्राक्षांची खेप घेऊन येताना हायवेवर त्याच्या टेम्पोला मागून कंटेनरनं उडवलं. वाल्मीक लढाईत पडला नाही. सकाळी चहा पिऊन गेला आणि संध्याकाळी आला नाही, एवढंच.

वर्षाचं सगळं झाल्यावर जी पहिली धुळवड आली, त्या दिवशी मोहिनी सात वर्षांच्या लेकीला, योगिनीला, घेऊन सावळीरामच्या दारात उभी राहिली. पोरीला तिनं स्वतःच्या हातानं अंगरखा शिवला होता, डोक्याला बापाचा फेटा दुमडून बांधला होता. बाप वीर धरायचा, आता लेक धरील. यात विचारण्यासारखं काही आहे, असंही तिला वाटलं नव्हतं.

सावळीराम दारात आला. त्यानं पोरीकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"पोरीच्या हातात वीर देऊन घराण्याचं हसं करू का?"

गल्लीत हलगी थांबलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. योगिनीनं आईचा हात घट्ट धरला. आणि मोहिनीच्या तोंडून जे निघालं, ते तिनंही आयुष्यात कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

"तुमच्या घरात तरी कोण जन्मलंय उचलायला?"

आत नवसाबाई होत्या. त्यांच्या हातातलं ताट खाली पडल्याचा आवाज आला.  सावळीरामनं दार लावलं, आणि त्या वर्षी लाल कापड स्वतःच्या हातात धरून, एकटाच, न नाचता गंगेवर गेला. पुढच्या आठवड्यात अंगणात विटा येऊन पडल्या.

मग जे सुरू झालं, त्याला वेढ्याशिवाय दुसरा शब्द नाही. सावळीराम दुपारी झोपायचा, म्हणून मोहिनीनं शिलाई मशीन भिंतीला चिकटवून ठेवलं आणि नेमक्या दुपारी चिलखतं शिवायला घेतली. त्यानं पहाटे भजनाचा आवाज असा वाढवला की तिच्या पत्र्याच्या तलवारी खुंटीवर थरथरायच्या. तिनं गच्चीवर अंगरख्यांची अशी रांग वाळत घातली की त्याच्या तुळशीला ऊन मिळेना. त्यानं स्कूटर तिच्या शटरसमोर आडवी लावली. तिनं त्या स्कूटरला शिंगांचा राक्षसाचा मुखवटा बांधला, आणि बेट्यानं तो महिनाभर काढला नाही. पाण्याच्या मोटरवरून, कचऱ्याच्या डब्यावरून, वरच्या पन्हाळीवरून, कशावरून म्हणून युद्ध झालं नाही, असं नाही. खोटं कशाला बोला, मोहिनी यात रमली होती. नवरा गेलेल्या बाईला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं, तिला शत्रू मिळाला होता.

तिच्या फौजेत फितुरी मात्र होती. सणावाराला योगिनीच्या ओठांना पुरणाचा वास यायचा आणि मोहिनीच्या घरी पुरण शिजलेलं नसायचं.

"कुणी दिलं?"

"कुणी नाही."

"नवसाबाईंनी?"

"मोठ्या आईनं भिंतीवर ठेवलं होतं. कावळा नेणार होता."

मोहिनी दात ओठ खाई, पण पोरीवर हात उगारत नसे. तिला वीर हवा होता, पुरणावरून पोर गमवायची नव्हती. दर धुळवडीला ती दुसऱ्यांची पोरं सजवी, त्यांच्या कमरेला शेले बांधी, गालांवर मिशा रंगवी, आणि तिची स्वतःची योगिनी शटरच्या आत उभी राहून बघे. त्या दिवशी मोहिनीचा जीव अक्षरशः जळे. थेट्यांचा वीर एकदा तरी वाल्मीकच्या लेकीच्या हातून गंगेवर जाईल, आणि तो म्हातारा मान खाली घालून मागून चालेल, एवढीच तिची इच्छा उरली होती. यापेक्षा कमी काही तिला नको होतं.

यंदा शिमग्याच्या तोंडावर सावळीराम मोरीत घसरला आणि उजवा हात मनगटात मोडून बसला. कोपरापर्यंत प्लास्टर. मोहिनीनं बातमी ऐकली, चहा केला आणि सावकाश, आवडीनं प्याला. आता वीर कोण धरतो ते बघते.

उत्तर तिसऱ्या दिवशी तिच्या दुकानात चालत आलं. समोरच्या गल्लीत राहणारा मनोज, द्वारका चौकातल्या टायरच्या दुकानात कामाला असलेला, सरळ मनाचा माणूस, आपल्या पोराच्या मापाचा वीराचा पोशाख मागायला आला.

"कशाला हवाय? तुमच्या घरात वीर नाही."

"नाही, म्हणजे..." मनोज चाचरला. "सावळीरामकाका म्हणाले, त्यांचा हात मोडलाय, तर यंदा आमचा बाळ्या धरील त्यांचा वीर. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

मोहिनीनं कात्री खाली ठेवली. परक्याचा पोरगा चालतो. टायरवाल्याचा बाळ्या चालतो. सख्ख्या भावाची लेक चालत नाही.

"मनोजभाऊ, पोशाख आहेत. ढीगभर आहेत. पण थेट्यांचा वीर धरणाऱ्या पोराला माझ्या दुकानातून चिंधीसुद्धा मिळणार नाही. आणि ज्याच्या घरचं पोर त्या दारात जाईल, त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला मी लंगोटसुद्धा देणार नाही. सांगा सगळ्यांना."

मनोजनं सगळ्यांना सांगितलं. घरोघर आयांनी पोरांना दम भरला, कारण मोहिनी बोलेल ते करील याची प्रत्येकीला खात्री होती. सावळीराम प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दोन-तीन दारं फिरला. कुणाच्या पोराची परीक्षा निघाली, कुणाला ताप निघाला. मोहिनी शटरमध्ये बसून बघत होती. रसद तुटली होती. आता नुसतं बसून राहायचं होतं.

होळी पेटली त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून नवसाबाईंचा आवाज चढलेला तिनं ऐकला. त्या माउलीचा आवाज इतक्या वर्षांत कधी चढला नव्हता. "वीर देव्हाऱ्यातच ठेवणार का यंदा? कोरडा? तिला विचारा की! तोंड झिजंल का तुमचं?" मग काही तरी आपटलं. आतले लोक एकमेकांवर चिडायला लागले होते, आणि मोहिनी अंधारात भिंतीशी उभी राहून हसली.

धुळवडीच्या सकाळी सावळीराम आला. भिंतीआडून नाही, रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. डाव्या हातात लाल कापडाची पुरचुंडी होती. तो शटरसमोर उभा राहिला. दुकानात चार पोरं अर्धवट मिशा रंगवून बसली होती, ती जागच्या जागी थिजली.

"घे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"दिसत नाय का? वीर हाय."

"मग माझ्याकडे कशाला आणलात? पोरीच्या हातात दिला तर हसं होतं ना घराण्याचं?"

 सावळीरामची दाढी वाढली होती, मोडक्या हातामुळे करता आली नसावी. मोहिनीनं ते पाहिलं, आणि तिला मुळीच दया आली नाही.

"योगी धरल वीर," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

"योगिनी वाल्मीक थेटे धरल आमचा वीर!" म्हातारा असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "झालं समाधान?"

"झालं," मोहिनी म्हणाली. तिनं त्याला बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तिनं पुरचुंडी घेतली, कपाळाला लावली आणि आत जाऊन लेकीला हाक मारली.

योगिनी आता बारा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. मोहिनीनं तिला काय काय घातलं म्हणून सांगावं. अंगरखा भाड्याच्यातला नव्हता, खास शिवून पेटीत ठेवलेला, दर वर्षी उसवून वाढवलेला. कमरेला केशरी शेला, पायात तोडे, आणि डोक्याला बापाचा फेटा, यंदा न दुमडता. पोरगी आरशात बघून म्हणाली, "आई, मला भीती वाटते." मोहिनी म्हणाली, "वाटू दे. सगळ्यांना वाटायची."

हलगी लागली. योगिनीनं लाल पुरचुंडी दोन्ही हातांत छातीशी धरली आणि पहिल्यांदा लाजत, मग गल्ली संपेपर्यंत न लाजता नाचू लागली. पाय आपटायची तऱ्हा हुबेहूब वाल्मीकची. ती कुणी शिकवली नव्हती. होळीच्या राखेला फेरा घातला, लोकांनी गुलाल उधळला, बाया खिडक्यांतून हात जोडत होत्या. मोहिनी लेकीच्या बाजूनं ताठ चालली होती. दर थोड्या वेळानं ती मागे वळून बघे. सावळीराम येत होता. प्लास्टरवर गुलाल पडलेला, मान खाली, आणि शेजारी नवसाबाई. तिला हवं होतं ते सगळं अगदी तसंच घडत होतं. इतका आनंद तिला वाल्मीक गेल्यापासून झाला नव्हता, आणि त्या आनंदात चांगलं असं फारसं काही नव्हतं.

घाटावर ही गर्दी. घरोघरचे वीर, बाशिंगं बांधलेले, घामेजलेले, कुणी अंगात आल्यासारखे डोलत होते. पायऱ्यांवरून पाणी आणि गुलाल यांचा चिखल झालेला. योगिनी शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून बसली. पुरचुंडी सोडली. खोबऱ्याच्या वाटीत तो चांदीचा स्वार आडवा पडला होता, दर वर्षी घासून घासून तोंड गुळगुळीत झालेला. हलगीवाल्यानं हात थांबवला. आता नाव.

सावळीराम दोन पायऱ्या उतरला, डाव्या हातानं योगिनीच्या खांद्याचा आधार घेतला आणि तिच्या कानाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्याचे ओठ हलले.

योगिनीनं मान वर केली. तिचा चेहरा उतरला होता.

"आई," ती म्हणाली, "मोठे बाबा पप्पांचं नाव सांगतायत."

मोहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. हा शेवटचा डाव होता तर. वीर दिला, मान तुकवली, सगळ्या पंचवटीसमोर हरला, आणि नाव मात्र मुठीत ठेवलं. वर पोरीची थट्टा.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" तिचा आवाज घाटावर घुमला. शेजारचे वीर नाचायचे थांबले. "सांगायचं नव्हतं तर घरीच सांगायचं होतं, नाव देत नाही म्हणून! पोरीला इथवर आणून तिच्या मेलेल्या बापाच्या नावानं टिंगल करता? कसला थोरला भाऊ तुम्ही? भिंत बांधलीत, पाणी तोडलंत, सगळं सोसलं मी. पण हे? त्यांचं नाव तोंडात घ्यायची लायकी तरी आहे का तुमची?"

"अगं, गप," नवसाबाई म्हणाल्या. "गप, मोहिनी. त्यांना बोलू दे."

सावळीराम पायरीवर बसला. धोतराचा सोगा पाण्यात गेला.

"टिंगल नाय," तो म्हणाला. "मला दुसरं नावच येत नाय."

"काय?"

"वीराचं नाव गेलं माझं. वाल्या गेला तवाच गेलं. त्या साली टाक उजळायला घेतला न् म्हटलं, नाव एकदा मनात घ्यावं, तर वाल्याच आला तोंडात. पुन्हा घेतलं, पुन्हा वाल्या. आजा सांगायचा, बाप सांगायचा, मी त्याच्या कानात इतक्यांदा सांगितलं, न् आता नायच येत. लय डोकं आपटलं मी." त्यानं खरंच कपाळावर मूठ मारली. "दर साली गंगेत त्याचंच नाव घेऊन वीर धुतो. कुणाला सांगू? थेट्यांच्या थोरल्याला वीराचं नाव येत नाय म्हणून?"

 

"त्या दिवशी तू पोरीला घेऊन आलीस," म्हातारा पुढे बोलला. तो मोहिनीकडे बघत नव्हता, योगिनीच्या फेट्याकडे बघत होता. "एवढीशी होती. त्याचाच फेटा बांधलेला. घाटावर नेली असती तर मला तिच्या कानात नाव सांगावं लागलं असतं. अन् मला येत होतं ते एकच. त्या लेकराच्या कानात तिच्या मेल्या बापाचं नाव घालू? तोंडाला आलं ते कारण दिलं मी. पोरगी हाय म्हणून. वाईट बोललो. मग तू बोललीस ते बोललीस, न् माझं डोकं फिरलं. बाळ्याच्या कानात काय, वाल्या म्हटलं काय न् आणखी काय, त्याला काय फरक पडत होता? म्हणून बाळ्याला बोलावलं."

"आज सांगितलंत तिला."

"वाटलं, यंदा येईल. पोरगी नाचत होती, अगदी त्याच्यासारखी, मागून बघत होतो. वाटलं, आता येतंय. कानाशी वाकलो न् पुन्हा तोच आला." सावळीरामनं डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले, गुलाल सगळ्या तोंडभर झाला. "आमचा वीर आता गेलाच समज. माझ्याबिगर कुणाला माहीत नव्हतं. जाऊ दे. पोर घेऊन घरी जा."

वरच्या पायरीवरून कुणी तरी ओरडलं, "आटपा की, मागं रांग आहे!" मोहिनीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो माणूस दुसऱ्या घाटाकडे निघून गेला.

तिला त्या म्हाताऱ्याचा राग येतच होता. राग असा बसल्याजागी जात नाही. दुपारची झोपमोड, तुळशीवर घातलेली सावली, शटरसमोरची स्कूटर, ते ताट पडल्याचा आवाज, तिच्या अंगावर सगळं एकदम येत होतं. या माणसाला हरवायचं म्हणून ती इतकी वर्षं उठत होती. आणि तो भिंतीपलीकडे तेच करत बसला होता, जे ती भिंतीअलीकडे करत होती. वाल्मीकशिवाय त्याच्याही घरात दुसरं नाव राहिलं नव्हतं. ती शत्रू समजून लढली तो माणूस तिच्याइतकाच उघड्यावर पडलेला होता, आणि हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं त्याचंही मुस्काट फोडलं असतं.

"आई, काय करू?" योगिनीनं विचारलं.  "कुठलं नाव घेऊ?"

मोहिनी साडी वर न घेता तशीच पाण्यात उतरली. लेकीच्या समोर उभी राहिली, खोबऱ्याची वाटी दोन्ही हातांनी खालून धरली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव उखाण्यात सोडून कधी घेतलं नव्हतं. तो गेल्यावरही नाही, कचेरीत कागद भरताना विचारलं तेव्हाही नाही, भिंतीशी भांडतानाही नाही. तिनं वाकून ओठ पाण्याजवळ नेले आणि हलगीवाल्यालासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाल्मीक."

मग योगिनीनं ते नाव घेतलं, सावळीरामनं बसल्याजागी घेतलं, आणि मोहिनीनं टाक पाण्यात धरून अंगठ्यानं त्याचं तोंड धुतलं.